तेवीस नंबरचा खांब

१

बुधवारी सकाळी आठला फाटकाचं कुलूप निघालं आणि अकरा खांब पुन्हा आडवे दिसले. सलग चौथ्या दिवशी. कुणी मोडले नव्हते की तोडले नव्हते. झोपलेलं मूल मांडीवरून उचलून अंथरुणावर ठेवावं, तसे अलगद उपसून वाटेच्या डाव्या कडेला निजवलेले. खड्डे मातीने भरलेले. आणि लव्हाळ्यांच्या काठाला तो गंजका पाण्याचा ड्रम पुन्हा उभा. ठेकेदाराची माणसं रोज दुपारी त्याला ढकलत नेऊन फाटकाजवळच्या भंगारात टाकत, आणि तो रोज सकाळी, फिरून घरी आल्यासारखा, आपल्या जागी हजर.

"चोर घेऊन जातात हो!" उद्यान अधीक्षकांनी कपाळावर हात मारला. "हा कसला चोर? आणून ठेवतो!"

टेकडीचा उतार आणि तिच्या पायथ्याची ही पाणथळ जागा शहराच्या मालकीची. चाळीस वर्षं तारेच्या कुंपणाआड, लोकांना बंद होती. चहूबाजूंनी इमारती वाढत गेल्या आणि मधला हा हिरवा तुकडा तसाच राहिला, पंगतीत वाढायचं राहून गेलेल्या पानासारखा. येत्या रविवारी महापौर फीत कापणार होते आणि मग तो सगळ्यांचा होणार होता. नवी वाट, अठ्ठेचाळीस खांब, खांबाखांबावर झाडापाखरांची माहिती सांगणारी पाटी. म्हाताऱ्यांना चालायला, लेकरांना धावायला जागा. त्यात वाईट म्हणावं असं काहीच नव्हतं. म्हणूनच पुढे जे झालं त्याचा राग कुणावर काढायचा, हे कुणालाच कळलं नाही.

पोलिसांना बोलावलं तर वर्तमानपत्रवाले त्यांच्या मागोमाग येतील, म्हणून अधीक्षकांनी मोजणीबाईंना बोलावलं होतं. शहराच्या मोजणी कार्यालयात सव्वीस वर्षं जमीन मोजून या बाईंचे पाय असे तयार झाले होते की घरातल्या ओट्यापासून दारापर्यंत जाताना देखील त्या मनात पावलं मोजत. या जागेचा नकाशा त्यांनीच केला होता. त्याच्यावरच नवी वाट आखली गेली होती.

बाई खाली बसल्या. पडलेल्या खांबावर तळहात फिरवला. खांब कोरडा होता. मग तो जरा उचलून त्याच्या खालचं गवत चाचपलं. गवत दवाने चिंब.

"साहेब, हे रात्रीचं काम नाही," त्या म्हणाल्या. "दव आधी पडलंय, खांब नंतर. उजाडल्यावर कुणीतरी हे केलंय."

"कुणीतरी कशाला? मला नाव माहीत आहे." अधीक्षकांनी बोट केलं ते खड्डे खणणाऱ्या माणसाकडे. काटकुळा, उंच, हातात कायम लोखंडी पहार. त्यामुळे त्याला सगळे पहारच म्हणत. "इतक्या सफाईने खांब दुसरा कोण उपसेल? रोज पाडायचे, रोज रोवायचे, म्हणजे काम काही संपत नाही. आजपासून तू घरी बस बाबा. शुक्रवारी संध्याकाळी तुझं नाव पोलिसांकडे, मग बातमी झाली तरी चालेल."

पहारने डोक्याला बांधलेलं फडकं सोडलं. अशा माणसाला आयुष्यात इतक्यांदा घरी बसवलेलं असतं की वाद घालायची उमेद कधीच विझलेली असते. त्याने पहार खांद्यावर घेतली, आणि बाईंच्या जवळून जाताना जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला,

"बाई, खांबांचं सोडा. खड्ड्यात काय पुरलंय ते बघा."

२

खड्ड्यात काडी होती.

वीतभर सुकी काडी, सरळ उभी खोचलेली. बुडाशी माती दाबून घट्ट केलेली आणि भोवती बोटाने ओढलेलं गोल आळं, पाणी थांबावं म्हणून. बाईंनी एकामागून एक अकराही खड्डे पाहिले. अकरा काड्या, अकरा आळी.

"रोज असतात," पहार म्हणाला. तो फाटकापर्यंत जाऊन परत आला होता. घरी बसायचं तरी जरा उशिरा. "रोज उपटून फेकतो नि खांब रोवतो. हे बघा, माती पायाने नाही तुडवलेली. तळहाताने दाबलीय. अशी माती रोपवाले दाबतात. आम्ही खड्डेवाले दणके घालतो."

"मग साहेबांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? चोर खड्ड्यात झाडूच्या काड्या लावतो म्हणून?" तो हसला. हसणं चेहऱ्यावर फार वेळ टिकलं नाही. "बाई, माझी बायको कालपासून विचारतेय, रविवारी आपल्याला आत सोडतील का म्हणून. मी खणलेले खड्डे तिला बघायचेत. आता काय सांगू तिला?"

बाईंनी वही काढली आणि पडलेल्या खांबांचे नंबर मांडले. चौथा, पाचवा, नववा... चारही दिवस तेच अकरा. फाटकाजवळचा मोठा फलक, ज्याला धक्का लागला असता तर सगळं शहर बोललं असतं, तो जागच्या जागी. बाकं शाबूत. नकाशावर अकरा ठिपके जोडले तर नव्या वाटेला आडवी छेदत जाणारी एक वाकडीतिकडी ओळ तयार झाली. त्या ओळीवर बरोबर मधोमध आणखी एक खांब होता, तेवीस नंबरचा. त्याला मात्र कुणी बोट लावलं नव्हतं.

"हा का सुटला?"

"कुणास ठाऊक. पण एक सांगतो, तेविसाचा खड्डा मी खणलेलाच नाही. तिथे जुना नळाचा खांब होता. पाणी बंद होऊन जमाना झाला असेल. तो काढला नि आयत्या खड्ड्यात हा ठेवला. तीच जागा, जवळपास तीच उंची."

ती ओळ एका टोकाला राखणदाराच्या घरापाशी पोचत होती. दुसऱ्या टोकाला नकाशावर काहीच नव्हतं. कोरा कागद.

राखणदाराचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक पायरी. एकतीस वर्षं तो इथे होता. खात्यात त्याच्याबद्दल बोलताना आदराने आवाज आपोआप खाली येत. त्याने निमूटपणे रोजची नोंदवही पुढे केली. अक्षर लहान, ओळी सरळ. 'सकाळी आठ. अकरा खांब जमिनीवर आडवे. इतर नुकसान नाही.' चारही दिवस तेच.

"काका, कुणाला आत शिरताना पाहिलंत?"

"बाहेरचं कुणी नाही शिरलं, बाई."

"कुंपण?"

"शाबूत आहे."

पायरीवर त्याची बायको बसली होती. खात्यातले सगळे तिला काकू म्हणत. पांढरी, पातळ वेणी, आणि नखांच्या कडांना काळी रेघ. तिने मान वर करून मोजणीबाईंकडे पाहिलं आणि फार गोड हसली.

"नळाला पाणी आलं का हो?" तिने विचारलं.

बाई बोलणार तोच राखणदार मध्ये पडला. "येईल, येईल. वेळ आहे." मग बाईंकडे न बघता म्हणाला, "वय झालंय तिचं. लक्ष देऊ नका."

पण तो आत जायला निघाला तेव्हा काकूंनी त्याला वाट करून दिली. अंग चोरून, पदर सावरून. परक्या माणसाला देतात तशी.

३

बुधवारी दुपारी ठेकेदाराच्या माणसांनी रोवलेले खांब गुरुवारी सकाळी पडले ते पडलेच. पहार तर घरी होता. अधीक्षकांचं म्हणणं, त्याने दुसऱ्या कुणाला तरी पाठवलं असणार. एकदा नाव ठरलं की त्याला चिकटणारं कारण सापडतंच.

बाईंनी मास्तरांचा दरवाजा वाजवला.

कुंपणाला लागून असलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर हे निवृत्त मास्तर राहत. ही जागा उघडू नये म्हणून तीन वर्षांत त्यांनी खात्याला एकशे दहा पत्रं लिहिली होती. शेवटच्या पत्रात स्वच्छ म्हटलं होतं: 'तिथला एक दगडही हलवाल तर याद राखा.'

"आलात? मला वाटलंच होतं." मास्तरांनी खुर्ची पुढे सरकवली. "खांब मी पाडले का, हेच ना? नाही पाडले. कोण पाडतोय त्याला भेटलात तर माझा नमस्कार सांगा."

"तुम्ही आत कधी गेला होतात?"

"कधीच नाही! माणसांनी आत जाऊ नये, हेच तर माझं म्हणणं. मी माणसात मोडतो, निदान बायको असेतो मोडत होतो. या गच्चीतून दुर्बिणीने बघतो, तेवढं पुरे."

"तो गंजका ड्रम दिसतो इथून?"

"दिसतो म्हणजे! डोळ्यांत सलतो. माझं पहिलंच पत्र त्या ड्रमाबद्दल होतं. निसर्गात भंगार कशाला? तो हलवला तेव्हा म्हटलं, चला, खात्याच्या हातून एक तरी शहाणपणा झाला. तर दुसऱ्या दिवशी बघतो तो पुन्हा तिथेच!"

बाई हसल्या. एक दगडही हलवू नका म्हणणाऱ्या मास्तरांना तेवढा ड्रम मात्र हलायला हवा होता. मग तो उरापोटी परत आणणारे हात त्यांचे कसे असतील?

त्या उठल्या. दारापर्यंत पोचल्या तेव्हा मास्तर मागून म्हणाले, "आता हे सगळं जाणार. रविवारनंतर बगळे नाही उठायचे तसे."

"कसे?"

"ओळीने. रोज साडेसहाच्या सुमाराला. झाडांमुळे खाली कुणी आहे का ते दिसत नाही, पण काठावरचा पहिला बगळा उठतो, मग जरा वेळाने पुढचा, मग त्याच्या पुढचा. घाबरून नव्हे. कुणी ओळखीचं येतंय म्हणून अदबीने बाजूला व्हावं, तसे. अर्ध्या तासाने उलट्या दिशेने तेच."

"हे किती दिवसांपासून?"

"दिवस?" मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "बाई, मी इथे राहायला आलो तेव्हापासून. वर्षं झाली."

खांब लागले त्याला जेमतेम आठवडा झाला होता.

४

मोजणी कार्यालयाच्या तळघरात जुने नकाशे कापडात गुंडाळून ठेवलेले असतात. तीस वर्षांपूर्वीचा, पिवळा पडलेला, बाईंनी टेबलावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली. नव्या नकाशात जिथे कोरा कागद होता, तिथे जुन्यात एक चौकोन होता आणि आत बारीक अक्षरात: शहर रोपवाटिका. वाटेत नळ. काठाला पाण्याचा ड्रम. त्या रोपवाटिकेतली रोपं शहरभरच्या रस्त्यांवर गेली होती. मग रोपं बाहेरून यायला लागली आणि ती बंद पडली. तिथे काम करणाऱ्या बायकांची हजेरी त्याच गुंडाळीत होती. पहिलंच नाव राखणदाराच्या बायकोचं.

बाईंनी डोळे मिटले आणि सगळं ओळीने लावलं.

ज्याला बाग होऊ द्यायची नाही तो फाटकावरचा फलक पाडतो, अंधारात येतो, मोडतो, पळतो. इथे कुणी उजेडात येतो, अकराच खांब काढतो, तेही ओरखडा न उमटवता, पुन्हा रोवता यावेत असे. ते अकरा एका ओळीवर आहेत. म्हणजे कुणाच्या तरी चालण्यावर आहेत. पण नुसती वाट मोकळी करायची असती तर तेविसावाही गेला असता. तो राहिला, कारण तिथे पूर्वीपासून काहीतरी उभं होतं. ड्रम परत आला, कारण तो पूर्वीपासून होता. त्या माणसाला वाट मोकळी नको होती, होती तशी हवी होती. चालणाऱ्याला काही नवं दिसू नये आणि काही जुनं हरवू नये, म्हणून.

आणि हात दोन जणांचे होते. एवढ्या कष्टाने खांब उपसणारा माणूस खड्ड्यात सुकी काडी लावत बसत नाही. एकाने खांब काढला. मागून येणाऱ्या दुसऱ्याला नुसता खड्डा दिसला, आणि जन्मभर खड्डा पाहून त्या हातांनी जे केलं तेच त्यांनी केलं. आठच्या आधी आत असणारी माणसं सगळ्या जगात दोनच. बाहेरचं कुणी शिरलं नाही, असं राखणदार म्हणाला होता. एक अक्षर खोटं बोलला नव्हता.

कोडं सुटलं होतं. बाईंना मात्र सुटल्यासारखं वाटेना. काहीतरी आत टोचत होतं. त्यांनी कपाटातून स्वतःची दोन वर्षांपूर्वीची मोजणीची वही काढली. पान एकोणचाळीस. त्यांच्याच अक्षरात पेन्सिलीने: 'राखणदाराच्या घरापासून पायवाट, अरुंद, खूप चाललेली. लांबी चारशे तीस मीटर.' आणि त्याच्यावर त्यांनीच मारलेली आडवी रेघ.

मोजणीचा नियम होता: एकाच घराच्या वापरातली पायवाट नकाशात दाखवायची नाही. सव्वीस वर्षांत त्यांनी अशा शेकडो वाटा खोडल्या असतील. कधी हात अडखळला नव्हता. नकाशात वाट नव्हती, म्हणून आखणाऱ्यांनी तिथे रिकामी जमीन पाहिली, आणि नवी वाट तिच्या अंगावरून फिरवली.

अकरा खांबांची जागा पहारने खणली होती. ठरवून दिली होती ती या रेघेने.

५

शुक्रवारी उजाडता उजाडता बाई अधीक्षकांकडून मागून घेतलेल्या किल्लीने, बाजूच्या लहान फाटकाने आत शिरल्या. ओळीच्या जवळ जायचं नाही, एवढं त्यांना कळत होतं. त्या वाटेवर त्याही एक नवा खांबच. उतारावरच्या एका जाड खोडामागे त्या बसून राहिल्या.

राखणदार आला. एकेका खांबाला मिठी मारल्यासारखा धरून, गोल गोल हलवत, हळूहळू सैल करत त्याने उपसला. दम खात, खोकत. मग ड्रम. तो त्याने गडगडत आणला आणि दोनदा मागे सरून, नीट जागेवर आहे ना, हे पाहिलं. मग घरी गेला.

थोड्या वेळाने काकू आल्या. पुढे काकू, चार पावलं मागे तो. पायरीवर बसलेली ती पातळ म्हातारी ही नव्हतीच. पाय झपझप पडत होते, हातात नसलेल्या बादलीचा तोल सांभाळत खांदा एका बाजूला झुकला होता, आणि ओठांवर गाणं होतं:

*रोप लाविते गं बाई, माती दाबिते हातानं,*
*माझ्या मागं येई कोण, त्याला ओळखू पायानं.*

खड्ड्यापाशी बसल्या, काडी लावली, माती दाबली, उठल्या. तेविसाव्या खांबापाशी थांबून खांबावर हात ठेवला, वाट पाहिली, आणि भरलेली बादली उचलून पुढे निघाल्या. काठावरचा एक बगळा उठला. मग दुसरा.

वळणावर त्या थबकल्या. मागे वळल्या. चेहऱ्यावर लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या बाईचं हक्काचं वैतागलेपण.

"अहो, या की लवकर! पाय मोजताय का काय? ऊन वर आलं की माना टाकतील सगळी!"

"आलो, आलो," राखणदार म्हणाला.

बाईंनी तोंड फिरवलं.

परतल्यावर काकूंना पायरीवर बसवून तो थेट खोडापाशी आला. "पुढे आला नाहीत, बरं केलंत," म्हणाला आणि जमिनीवर बसला.

"पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत, काका?"

"कुणाला? तिला घरात मी ओळखू येत नाही, बाई. खात्यातला कुणी साहेब समजते. वेणी घालून देतो तर म्हणते, साहेब, तुम्हाला उगाच त्रास. दिवसभर परका असतो मी. त्या वाटेला लागली की वळणावर एकदा 'अहो' म्हणते. दिवसातून एकदा. तेवढ्यावर चाललंय." त्याने हातातली माती झटकली. "खांब लागले त्याच्या दुसऱ्या सकाळी ती पहिल्या खांबासमोर उभीच राहिली. हा कोण, म्हणाली. आणि वळली ती सरळ लव्हाळ्यात. छातीइतक्या पाण्यातून काढली तिला. त्या दिवशी वळण आलंच नाही. हाकही नाही."

"पण खांब काढलेत ते तुम्ही आठच्या आधी परत रोवू शकला असतात. कुणाला कळलंही नसतं."

"तेच ठरवलं होतं. पण मी ड्रमाकडे गेलो तेवढ्यात तिने खड्डे पाहिले." त्याने घराच्या पायरीकडे पाहिलं. "तिने लावलेलं मी कसं उपटू, बाई?"

"पहारचं नाव जाणार आहे संध्याकाळी."

"माहीत आहे. दोन रात्री झोपलो नाही. आज मीच लिहून देणार होतो." त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. लहान अक्षर, सरळ ओळी. "फक्त आजची सकाळ हवी होती."

६

अधीक्षकांनी दोन्ही कागद वाचले. राखणदाराचा कबुलीजबाब आणि मोजणीबाईंचा अहवाल. मग चष्मा टेबलावर ठेवून बराच वेळ डोळे चोळत बसले. दुष्ट माणूस नव्हता तो. घरी त्याची आईही आजकाल त्याला धाकट्या भावाच्या नावाने हाक मारत होती.

"पहारला आत्ता फोन करतो. माफी मागतो," ते म्हणाले. "राखणदारावर कारवाई नाही करणार. कागद माझ्या खणात राहील."

"आणि वाट?"

"खांब हलवतो. अकराच्या अकरा. उद्या सकाळी. ड्रमही राहू दे. मास्तरांना काय लिहायचं ते लिहू दे. हलवले समजा. मग?"

बाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"रविवारपासून दिवसाला दोन हजार माणसं येतील, मोजणीबाई. पहाटे पाचपासून. खांब उपसता येतात. माणसं कशी उपसणार? प्रत्येक माणूस तिच्यासाठी नवाच."

"सकाळी एक तास बंद ठेवलं तर? साडेसहा ते साडेसात?"

"लोक फिरायला येतात तोच तास. महापौरांनी तीच वेळ जाहीर केलीय. आणि त्या घराचं माहिती केंद्र होणार आहे, हे तर मंजूर होऊन सहा महिने झाले. त्यांना खात्याच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर खोली मिळेल. सामान उद्याच हलवायचंय." त्यांनी नकाशा पुढे ओढला, त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. आवाजात दोष देणं नव्हतं, नुसती हळहळ होती. "इथे वाट दाखवलेली असती ना, तर आखतानाच वळवली असती. सोपं होतं. दाखवलेली नव्हती."

"नव्हती," बाई म्हणाल्या.

फाटकाबाहेर पहार उभा होता. त्याला कळलं होतं. सुटल्याचा आनंद तोंडावर कुठेच नव्हता.

"त्या काड्या मी रोज फेकत होतो, बाई," तो म्हणाला. "मला काय माहीत."

७

उद्घाटनाला बाई गेल्या नाहीत. तीन आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, पाय आपोआप तिकडे वळले.

बाग छान झाली होती, हे त्यांना कबूल करावंच लागलं. एक आजोबा नातीला पाटी वाचून दाखवत होते आणि नात त्यांच्या चुका काढत होती. बाकावर दोन बायका चपला काढून, गवतावर पाय टेकून बसल्या होत्या, वर्षानुवर्षांनी बसल्यासारख्या. पहार आणि त्याची बायको येऊन गेल्याचं फाटकावरच्या माणसाने सांगितलं. प्रत्येक खांबापाशी थांबत होते म्हणे. बगळे पलीकडच्या काठाला गेले होते, फार लांब, पांढऱ्या ठिपक्यांसारखे.

मग बाईंना ते दोघं दिसले. राखणदार गणवेशात नव्हता. साध्या सदऱ्यात तो कुणीही असू शकला असता. काकूंचा हात धरून तो जुन्या ओळीवरून चालला होता. अधीक्षकांनी शब्द पाळला होता, खांब वाटेपासून दूर हलवले होते. पण त्या जागी माणसं होती. धावणारी, हसणारी, फोटो काढणारी. काकू परक्या घरी आल्यासारख्या, पाय जपून टाकत होत्या. गाणं नव्हतं. खांदा सरळ होता.

वळणापाशी राखणदार थांबला. मुद्दाम चार पावलं मागे सरला आणि उभा राहिला. वाट बघत.

काकूही थांबल्या. इकडेतिकडे पाहिलं. मागे वळल्या. त्यांचे डोळे त्याच्यावर आले, क्षणभर रेंगाळले, आणि बाईंना वाटलं, आता. काकूंनी पदर सावरला, अंग चोरलं, आणि अतिशय अदबीने म्हणाल्या,

"साहेब, तुम्हाला जरा त्रास देते. इथले राखणदार माझे मालक. तुम्हाला कुठे दिसले तर सांगाल का, मी इथे उभी आहे म्हणून?"

राखणदाराने मान डोलावली.

"सांगतो," तो म्हणाला.

"उपकार झाले हो."

मागून चालणाऱ्यांची रांग तुंबली होती. "जरा बाजूला होता का, आजी? आजोबा?" कुणीतरी हसतमुखाने म्हणालं. दोघंही लगबगीने बाजूला झाले. ती डावीकडे, तो उजवीकडे. आणि मधून माणसं जात राहिली.